निशाणी नांगराची: कर्जरोखा आणि प्रौढांचे गणित

१/ १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव पेटला आणि लवकरच अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत पोहोचला. सावकारांकडे मागणी एकच होती: रोखे बाहेर काढा. हाती आलेले रोखे जाळण्यात आले.

२/ कागदावरच एवढा रोष का? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव चढले, कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. कर्ज थकले की मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहिला जाई. व्याजावर व्याज चढे. सहीच्या जागी शेतकरी नांगराची निशाणी करी. वरचा आकडा त्याला वाचता येत नसे.

३/ म्हणून त्याला गणितच येत नव्हते, असे मानणे अन्यायाचे ठरेल. शेर-पायली, आणे-पै यांचा तोंडी हिशेब त्याच्या रोजच्या व्यवहारातला होता. अडचण होती ती लेखी हिशेबाची. पंतोजींच्या शाळांत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकली जात. पण कुणब्यांची मुले तेथे क्वचितच पोहोचत.

४/ ही उणीव जोतीराव फुले यांनी फार आधी ओळखली होती. अहमदनगर येथील मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून प्रेरित झालेल्या जोतीरावांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाचे विषय सुचवताना मोडी व बाळबोध लेखन-वाचनाच्या जोडीला त्यांनी हिशेबही मागितला.

५/ दरम्यान १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत ऋणकोला पावती, वार्षिक हिशेब आणि खातेपुस्तिका मागण्याचा हक्क मिळाला. न्यायालयाला कर्जाचा मागचा व्यवहार उकरून पाहता येऊ लागला. हक्क मोलाचा होता. पण पुस्तिकेतली बेरीज पडताळणार कोण? प्रौढाला अंकज्ञान देण्याची तरतूद त्या कायद्यात नव्हती.

६/ शतकाहून अधिक काळ लोटला. १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता मिशनने साक्षरतेच्या निकषांत १ ते १०० अंक, तीन अंकी बेरीज-वजाबाकी, मेट्रिक मापे आणि व्याजाची सर्वसाधारण कल्पना यांचा समावेश केला. मात्र त्याचा मुख्य रोख १५ ते ३५ या वयोगटावर होता. रोख्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेले वृद्ध पुन्हा कडेला राहिले.

७/ २०२२ पासूनच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरील सर्व निरक्षरांना स्थान आहे, वयाची वरची अट नाही. साठीतली एखादी आजी बचत गटाच्या वहीत स्वतः व्याज मांडून पाहते, तेव्हा ती केवळ उदाहरण सोडवत नसते. १८७५ मध्ये जे आगीच्या हवाली करावे लागले, ते ती आता वाचून तपासू शकते.