रकाना आणि व्यासपीठ

इंटरनेटवर केलेली कृती ही कला ठरते काय, या प्रश्नाचा खल महानगरांतील कलादालनांत बराच झाला आहे. मराठवाड्याच्या टोकाला, कनेरगाव नाक्यावर राहून महाविद्यालयात शिकविणाऱ्या माझ्यासारख्याने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, ज्या वस्तूपासून या कलावंतांनी कला घडविली ती वस्तू आमच्या पूर्ण ओळखीची आहे. ती वस्तू म्हणजे रकाना. जात, पोटजात, रंग, गाव विचारणारा रकाना. आमच्या गावाच्या नावातच नाका आहे. नाका म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून 'कोण, कुठला' असे विचारण्याची जागा. पैनगंगेच्या अलीकडे निजामी मुलूख आणि पलीकडे वऱ्हाड अशी स्थिती १९४८ साली संपली. सरहद्द गेली, पण विचारणे गेले नाही. ते आज मोबाइलच्या पडद्यावर येऊन बसले आहे.

प्रथम संकल्पनात्मक कला म्हणजे काय ते पाहू. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताने दुकानात मिळणारे चिनी मातीचे मुतारीचे भांडे टोपणनावाची सही करून एका प्रदर्शनाकडे पाठविले. शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाची कृती मांडली जाईल, असा त्या प्रदर्शनाचा नियम होता. तरीही ते भांडे मांडले गेले नाही. नियम मोकळा होता, पण दार बंदच होते, हे त्या एका भांड्याने उघड केले. पुढे १९६७ साली सोल लेविट या अमेरिकन कलावंताने अशा कलेची मांडणी केली: तिच्यात कल्पना मुख्य, वस्तू गौण. १९९० नंतर संगणकाचे जाळे पसरले तेव्हा काही कलावंतांनी संकेतस्थळ, अर्ज, लिलाव यांचेच साहित्य केले. रंग आणि दगड यांच्या जागी व्यवहाराचा साचाच आला.

या परंपरेतील एक कृती प्रत्येक दलित वाचकाला ठाऊक असावी असे मला वाटते. ऑगस्ट २००१ मध्ये कीथ ओबाडिके या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंताने, आपली सहकारी व पत्नी मेंडी ओबाडिके हिच्यासह, 'ईबे' या लिलावाच्या संकेतस्थळावर एक वस्तू विक्रीला काढली. ती वस्तू होती त्याचे स्वतःचे काळेपण. सुरुवातीची किंमत १० डॉलर. कृष्णवर्णीयांची विटंबना करणाऱ्या जुन्या बाहुल्या आणि चित्रे ज्या विभागात राजरोस विकली जात, त्याच विभागात त्याने ही नोंद केली. विक्रेते देतात तशी मालाची माहितीही दिली. हे काळेपण कोठे उपयोगी पडेल आणि नोकरी मागताना, न्याय मागताना, मतदान करताना ते वापरणे का हिताचे नाही, याची यादीच होती ती. लिलाव १० दिवस चालायचा होता. चौथ्या दिवशी कंपनीने तो अनुचित ठरवून काढून टाकला. तोवर १२ बोली लागल्या होत्या आणि किंमत १५२.५० डॉलरवर गेली होती. विटंबनेच्या बाहुल्या चालत होत्या. ज्याची विटंबना झाली तो माणूस स्वतः बोलू लागला, तेव्हा मात्र बाजाराचे नियम आठवले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिल्पकला शिकलेल्या शिल्पा गुप्ता यांनी २००३ साली लंडनच्या टेट या कलासंस्थेसाठी एक संकेतस्थळ घडविले. त्यासाठी त्या संगणकाच्या जाळ्याची तार घेऊन निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळी गेल्या आणि तिला आशीर्वाद घेतले. संकेतस्थळावर येणाऱ्याने धर्म निवडायचा आणि बसल्या जागी आशीर्वाद मिळवायचा, अशी ती रचना. धर्माच्या बाजाराची ही थट्टा मार्मिक आहे. पण मला मात्र ती वाचताना दुसरेच आठवते. तारेला देवाच्या दारी आशीर्वाद मिळाला. माणसाला त्या दारातून आत जाता यावे म्हणून १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू करावा लागला आणि तो वर्षानुवर्षे चालवावा लागला. कृतीचा अर्थ पाहणाऱ्याच्या इतिहासावर अवलंबून असतो, तो असा.

मुंबईतच काम करणाऱ्या अर्चना हांडे यांनी त्याच दशकात लग्ने जुळवून देणाऱ्या एका बनावट कंपनीचे संकेतस्थळ कलाकृती म्हणून उभे केले. पाहणारा येथे गिऱ्हाईक होतो. वर्ग, जात, वर्ण यांच्या हिशेबाने चालणारा लग्नाचा बाजार उपहासाच्या रूपात त्याच्यापुढे येतो. ही कृती आपल्या विचारविश्वाच्या अगदी जवळची आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातीचे सार सजातीय विवाहात आहे, असे सिद्ध केले होते. विवाहाच्या संकेतस्थळावरील जातीचा रकाना हा त्या निबंधाचा आजचा पुरावा होय. 'जातीची अट नाही' असे छापून त्यापुढे अनुसूचित जाती-जमाती वगळणाऱ्या जाहिराती आपण सर्वांनी वाचलेल्या आहेत.

माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. नोकरी लागल्यावर एका मित्राने हौसेने माझे नाव अशाच एका संकेतस्थळावर घातले. शिक्षण, पगार, उंची हे रकाने भरताना मान ताठ होती. जातीचा रकाना भरला आणि येणारे निरोप थांबले. या अनुभवात नवे काही नाही, हेच त्याचे महत्त्व. आई-वडिलांच्या पिढीला पाणवठ्यावर जे तोंडी सांगितले जाई, ते मला यंत्राने एक शब्दही न उच्चारता सांगितले.

म्हणून माझे म्हणणे असे की, हांडे यांचा उपहास मोलाचा असला तरी तो बाजाराचे समग्र दर्शन घडवितो. रकान्यापाशी अडविल्या गेलेल्या माणसाच्या जागेवरून ओबाडिके बोलतो. आपल्याकडे त्या जागेवरून होणारी कृती अजून पुरेशी उभी राहिलेली नाही. सुरुवात मात्र झाली आहे. राही पुण्यश्लोक हे 'आर्टेडकर' या नावाने, सिद्धेश गौतम हे 'बेकरी प्रसाद' या नावाने आपली आंबेडकरी चित्रे इन्स्टाग्रामवर मांडीत आले आहेत. दालनाच्या दारात उभे न राहता ती चित्रे थेट माझ्या विद्यार्थ्यांच्या हाती पोचतात. पण तेथे व्यासपीठाचा उपयोग चित्र पोचविण्यासाठी होतो. व्यासपीठालाच प्रश्न विचारणारी कृती ही पुढची पायरी आहे.

आणि व्यासपीठ दुसऱ्याच्या मालकीचे असते, हे विसरून चालणार नाही. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलाविले, भाषण वाचून पाहिले आणि संमेलनच रद्द केले. मंडळ सुधारकांचे होते, तरी व्यासपीठ काढून घेताना त्याचा हात अडला नाही. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले, १५०० प्रती. ते आज जगभर वाचले जाते. ओबाडिकेचा लिलाव चार दिवसांत पुसला गेला, पण त्याची नोंद त्याने स्वतः जपली म्हणून आज आपण त्याविषयी बोलू शकतो. इंटरनेटवरील पुष्कळशी जुनी कला फ्लॅश नावाच्या तंत्रावर चालत असे. ३१ डिसेंबर २०२० रोजी कंपनीने त्याचा आधार काढून घेतला आणि त्यातील कितीतरी कृती उघडेनाशा झाल्या. त्यासाठी कोणा सनातन्याने विरोध करण्याचीही गरज पडली नाही.

आपल्या मुलामुलींच्या हाती आज मोबाइल आहे आणि रोज नवा अर्ज त्यांच्यापुढे येतो. त्या अर्जाची, त्या रकान्याची कृती त्यांनी अवश्य करावी. त्या कृतीची तारीख, वर्णन, तिला आलेली उत्तरे आणि ती कोणी, केव्हा, कोणते कारण देऊन काढून टाकली, हे सारे कागदावर उतरवून ठेवण्याचे काम आपली नियतकालिके आणि महाविद्यालयांची ग्रंथालये यांनी हाती घ्यावे. प्रती पंधराशे निघाल्या तरी पुरेत.