वरचा तळ

वडनेर भोलजी हे बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातील गाव. मुंबईहून नागपुराकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग त्याच्या लगतच जातो. काही वर्षांपूर्वी एका घरच्या कार्याच्या निमित्ताने तेथे आमचा मुक्काम पडला होता. अंगणात वरण-बट्टीचा स्वयंपाक चालला होता. या भागात बट्टी निखाऱ्यावर भाजीत नाहीत. कणकेचे उंडे प्रथम वाफेवर उकडून घेतात आणि मग कापून तळतात. पाने दोन-अडीचशे असल्यामुळे घरातील चाळण्या पुरण्यासारख्या नव्हत्या. तेव्हा एका वृद्ध बाईंनी मोठ्या पातेल्यात चार बोटे पाणी ओतले, विटांचे तुकडे मांडले, त्यांवर पऱ्हाटीच्या धुतलेल्या काटक्या उभ्या-आडव्या रचल्या आणि वर ओले फडके अंथरून उंडे ठेवले. हे कोणापासून शिकलात, असे आम्ही विचारता त्या म्हणाल्या, "त्यात काय शिकवाचं बाप्पा! पानी खाली राह्यलं पायजे अन् बट्टी वर. मंग मधात काई त पायजे न!"

या "मधात काई" वस्तूचा इतिहास शोधण्याची इच्छा आम्हांस त्या दिवशी झाली. भांड्याच्या खऱ्या तळापासून थोडा वर बसवलेला, द्रव जाऊ देणारा आणि घन पदार्थ अडवून धरणारा असा हा दुसरा तळ आहे. आमच्या मोदकपात्रात तो आहे, इडलीपात्रात तो आहे. परंतु जगात त्याची खरी कसोटी लागली ती निराळ्याच ठिकाणी, म्हणजे धान्यापासून बियर करणाऱ्यांच्या पिंपात. इंग्रज मद्यकार त्याला खोटा तळ म्हणतात. हे नाव आम्हांस अन्यायाचे वाटते, कारण भांड्यातील सारे काम हाच तळ करीत असतो. आम्ही त्याला वरचा तळ म्हणू.

त्याचे कार्य समजण्यास बियरीची पहिली पायरी पाहिली पाहिजे. आमच्या घरांतून लहान मुलांकरिता नाचणीचे सत्त्व करतात, तेव्हा नाचणी भिजवून तिला मोड आणतात, वाळवतात आणि दळून वस्त्रगाळ करतात. माल्ट म्हणतात ते दुसरे काही नसून असेच मोड आणून वाळवलेले धान्य होय. मात्र ते बहुधा जवाचे असते. ते भरडून सुमारे 65 अंश सेल्सियस उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवले म्हणजे मोडांत उत्पन्न झालेली विकरे पिष्टाची साखर करतात. मग त्या लापशीतून गोड रस निराळा काढावयाचा असतो. फडक्यात घालून पिळला तर रस गढूळ येतो; नुसती तोटी सोडली तर ती कोंड्याने तुंबते. म्हणून तळाशी वरचा तळ बसवतात आणि त्याच्याखालून रस हळूहळू काढतात.

येथे एक विस्मयाची गोष्ट आहे. तो रस वस्तुतः या चाळणीने गाळला जात नाही. तिची भोके दोन-तीन मिलिमीटरांची असतात आणि पीठ त्यांतून सहज निघून जाईल. आरंभी जो रस येतो तो गढूळच असतो. तो पुन्हा अलगद वर ओततात. असे काही वेळा केले म्हणजे जवाची तुसे एकमेकांवर बसून त्यांचा थर जमतो आणि त्या थरातून रस निवळशंख येऊ लागतो. अर्थात गाळणारा तो चोथा. वरच्या तळाने त्या चोथ्याला बसावयास जागा द्यावयाची, एवढेच. घाई करून तोटी पूर्ण सोडली की थर दबतो, घट्ट होतो आणि रस अडतो. या कामास महाग यंत्र लागत नाही, सबुरी लागते. म्हणूनच वरचा तळ गरिबाच्या घरी काटक्यांचाही चालतो.

आणि तसा तो चालत आलेला आहे. फिनलंडातील साहती नावाची घरगुती बियर गाळण्यासाठी कूर्ना नावाचे साधन असते. झाडाचे अर्धे खोड द्रोणीसारखे कोरून तळाशी काठ्या मांडतात, वर गवताच्या काड्या आणि जुनिपर झुडपाच्या डहाळ्या अंथरतात व त्यांवर लापशी ओततात. नॉर्वेच्या शेतकऱ्यांच्या पिंपांतही जुनिपरच्या फांद्यांचा असाच थर असे. इंग्लंडच्या खेड्यांत तोटीच्या आतल्या बाजूस काटक्यांची लहान टोपली बसवीत. वडनेरची पऱ्हाटी आणि उत्तर युरोपातील जुनिपर यांची कधी गाठ पडलेली नाही. गरज सारखी आणि ऐपतही सारखी, म्हणून उपायही सारखाच सुचला.

याहून मागे गेल्यास सुमेर देशात इसवी सनापूर्वी सुमारे 1800 च्या इष्टिकालेखांत निनकासी या मद्यदेवतेचे स्तोत्र आढळते. त्यात बुडाला भोक असलेले गाळण्याचे भांडे मोठ्या भांड्यावर ठेवल्याचा उल्लेख आहे. आमच्याकडे ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात अश्विनांच्या पराक्रमांत सुरेच्या शंभर कुंभांबरोबर कारोतर हा शब्द येतो. तो सुरा गाळण्याच्या साधनाचा वाचक आहे. सौत्रामणी यागाच्या विधीत मोड आणलेल्या धान्याची सुरा करीत. शतपथ ब्राह्मणात त्या यागासाठी शंभर किंवा नऊ छिद्रे पाडलेली कुंभी सांगितली आहे. तीतून सुरा थेंबथेंब गळू द्यावयाची ती विधीसाठी. परंतु भांड्यास भोके पाडून द्रव मोजका सोडण्याची कल्पना यज्ञशाळेतही परिचयाची होती, एवढे यावरून निश्चित दिसते.

कौटिल्याचे अर्थशास्त्र याहून अधिक व्यवहारी आहे. 1909 साली शामशास्त्री यांनी हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्ष नामक अधिकाऱ्याची कर्तव्ये दिली आहेत. मेदक नावाच्या मद्याचे प्रमाण तेथे एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व असे आहे. म्हणजे सोळा प्रस्थ पाण्यास दोन प्रस्थ तांदूळ होतात. सुरा व किण्व यांची निवडटिपण स्त्रियांनी व मुलांनी करावी, असेही तो सांगतो. आणि सर्वांत लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, मद्याचा धंदा राज्याच्या ताब्यात ठेवणारा हा कठोर शास्त्रकारही कुटुंबवत्सल गृहस्थांस घरच्या कार्यात श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मोकळीक देतो. उत्सव, मेळे व यात्रा यांसाठी चार दिवसांची परवानगी सांगतो. राजाने उत्पन्न घ्यावे, पण घराच्या उंबऱ्यावर थोडे थांबावे, असा हा विवेक होता.

आता वाचक साहजिकच विचारतील, की वऱ्हाडात ज्वारीची एवढी समृद्धी असता येथे धान्याची बियर व तिचा वरचा तळ का दिसत नाही? आफ्रिकेत तर ज्वारीची बियर घरोघर होते. आम्हांस याची दोन कारणे दिसतात. पहिले, सातपुड्याच्या पायथ्याशी मोह आहे. मोहाच्या फुलात साखर तयारच असते. तिला मोड आणावयास नकोत आणि लापशीही गाळावयास नको. फुले आंबवून ती भट्टीवर चढवली की काम झाले. दुसरे कारण ज्वारीच्या दाण्यातच आहे. मळणीत तिचा दाणा बोंडातून उघडा निघतो. जवासारखे तूस त्याला चिकटून राहत नाही. तूस नाही म्हणजे थर नाही, आणि थर नाही म्हणजे वरच्या तळाचे अर्धे काम बुडाले. आफ्रिकेत म्हणूनच विणलेल्या लांब गाळण्या वापरतात आणि पेय गढूळच पितात. आमच्याच देशात अरुणाचलातील आदी लोकांनी यावर निराळी युक्ती काढली आहे. तांदळाच्या काळ्या अपोंगात ते भाताचा जाळलेला तूस मिसळतात, पानांनी मढवलेल्या बांबूच्या टोपलीत ते आंबवण भरतात आणि वरून पाणी सोडून पेय खाली ठिबकवतात. पान, बांबू आणि तूस यांखेरीज या साधनास काही लागत नाही.

मद्याच्या बाहेरही या तळाचा प्रवास झाला आहे. बिहारात नोनिया लोक सोरा काढीत, तेव्हा मातीच्या हौदात विटांवर बांबू व चटई यांचा वरचा तळ घालीत. त्यावर सोऱ्याची माती दाबून भरीत आणि पाणी सोडीत. खालच्या पोकळीत क्षाराचे पाणी जमे. युरोपातील युद्धांची पुष्कळशी बंदुकीची दारू या चटईतून पाझरून गेलेली आहे. तोफांचे ओतकाम करणाऱ्यांचा इतिहास सविस्तर लिहिला गेला. चटई विणणाऱ्यांस त्यात जागा मिळाली नाही.

आता कायद्याकडे वळू. इंग्लंडात 1880 साली ग्लॅडस्टनने माल्टवरील कर काढून बियरीवर कर बसवला आणि त्याबरोबर घरी बियर करणारास परवान्याचे बंधन आले. ते 1963 पर्यंत राहिले. अमेरिकेत घरगुती बियरीस संघराज्याच्या कायद्याने मोकळीक दिली ती 1978 साली; अंमल 1979 पासून, आणि मर्यादा एका घरास वर्षाला 200 गॅलन. त्यानंतर तेथील हौशी गृहस्थांनी वरच्या तळाचे जे प्रकार घरी केले ते पाहून वडनेरच्या बाईंना हसू आले असते. कोणी तांब्याच्या नळीस करवतीने चिरा पाडून ती बर्फाच्या पेटीत तोंड खाली करून बसवली. कोणी पाण्याच्या नळीवरील पोलादी जाळीची वेणी काढून तोटीस जोडली. कोणी जुन्या थाळीस भोके पाडली. आणि कोणी सरळ कापडी पिशवीतच धान्य भिजवले. दुकानात तयार चकती मिळत असताही घरची करण्यात त्यांस जो आनंद झाला, तो केवळ वाचलेल्या पैशांचा नव्हता.

आमच्याकडील कायद्याची कथा निराळी आहे. मुंबई इलाख्यात 1878 च्या अबकारी कायद्याने मद्य करण्याचा अधिकार परवानेदारांच्या हाती एकवटला. 1892 च्या मोह कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले, आणि ही फुले तर गरिबांचे अन्नही होती. पुढे स्वराज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आला. त्याचा हेतू महसुलाचा नव्हता, हे आम्ही आदराने नमूद करतो. दारूपायी उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही पाहिली आहेत. गावातील दुकान बंद करण्यासाठी मतदानास उभ्या राहिलेल्या बायांचे आम्हांस कौतुक आहे. परवान्यावाचून घरी बियर करणे आजही महाराष्ट्रात गुन्हा आहे आणि तो कोणी करावा असे सुचवण्याचा आमचा हेतू नाही.

परंतु इतिहासकाराचे एक दुःख असते, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. अबकारीच्या वहीत भट्टी येते, मक्तेदार येतो, कर येतो, गुन्हेगार येतो. ज्या हातांनी टोपली विणली ते येत नाहीत. भट्टीची तांब्याची भांडी संग्रहालयात राहतात, काटक्या राहत नाहीत. त्यामुळे पुढील वाचकाची अशी समजूत होते, की शोध मोठ्या कारखान्यांत लागतात आणि घरांत केवळ त्यांचे अनुकरण होते. वरच्या तळाच्या बाबतीत आम्हांस नेमके उलट दिसते. एकोणिसाव्या शतकातील कारखान्यांच्या पिंपांत चिरा पाडलेल्या लोखंडी पत्र्यांचे जे तळ बसले, ते काटक्यांच्या आणि गवताच्या तळांचेच वंशज होत. पत्र्याने टिकाऊपणा आणला. युक्ती जुनीच राहिली.

म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंती आहे, की आपल्या आजीने चाळणी नसता काय केले, राखेचे पाणी कसे निवळले, कुरडयांचा चीक कशातून गाळला, हे आजी आहे तोवर विचारून घ्यावे आणि दोन ओळी लिहून ठेवाव्यात. अशा गोष्टींचे दुसरे दप्तर कोठेही नाही.

वडनेरची ती पंगत तिसऱ्या प्रहरी आटोपली. बट्टीचे पातेले उतरवून बाईंनी फडके पिळून दोरीवर टाकले, विटांचे तुकडे भिंतीशी लावून ठेवले आणि ओल्या काटक्या उन्हात पसरल्या. सायंकाळपर्यंत त्या वाळल्या आणि चहाच्या चुलीत गेल्या.