स्टेज पियानो किंवा कीबोर्ड साउंडला जोडताना : अर्थिंग, डीआय बॉक्स आणि व्हॉल्यूम

एप्रिल-मे महिन्यांत भीमगीतांच्या पार्ट्यांना रोज वेगळे गाव, वेगळा मंडप आणि वेगळा साउंडवाला मिळतो. गायकाच्या हातात माइक असतो, ढोलकीवाल्यासमोर माइक लागतो. कीबोर्डवाल्याचे तसे नसते. त्याच्या वाद्यात एका बाजूने वीज येते आणि दुसऱ्या बाजूने मिक्सरची तार जाते. (आपल्याकडे कुठल्याही कंपनीचे वाद्य असले तरी लोक त्याला 'कॅसिओ'च म्हणतात. स्टेज पियानो म्हणजे त्याचाच मोठा भाऊ. पियानोसारख्या जड पट्ट्यांचा आणि बहुधा स्वतःचा स्पीकर नसलेला.) या दोन तारांपैकी एकीत गडबड असेल तर वाद्य जळते, दोन्हींत असेल तर माणूसही जाऊ शकतो.

म्हणून आधी विजेचे पाहू.

तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन अर्थिंगची. वाद्याच्या धातूच्या भागात चुकून फेज उतरला तर तो करंट जमिनीत जावा, यासाठी ती असते. मिक्सरला जोडल्यावर कीबोर्ड 'घूं' करू लागला की ही पिन काढून टाकायची आणि आवाज गेला म्हणून खूश व्हायचे, असा उपाय अनेक ठिकाणी सर्रास केला जातो. आवाज जातो हे खरे आहे, पण त्यासोबत संरक्षणही जाते. मग वादकाचा एक हात कीबोर्डच्या धातूच्या बॉडीवर असताना ओठ माइकच्या जाळीला लागले, तर करंटला वाट मिळते ती छातीतून. 'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे भर कार्यक्रमात गेला, तो अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून.

आपल्याकडे धोका त्याहून साधा असतो. खांबावर आकडा टाकलेला असतो, होल्डरमध्ये उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी खोचलेल्या असतात आणि खाली पाणी मारलेली जमीन असते. महावितरण उत्सवांसाठी तात्पुरती अधिकृत जोडणी देते. समितीने ती घ्यावी आणि मंडपात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्यावी. बोलताना तिला बरेच जण ईएलसीबी म्हणतात. एमसीबी तारेला वाचवते. गळती होताच क्षणार्धात पुरवठा तोडून माणसाला वाचवण्याचे काम आरसीसीबीचे. तिच्यावरचे टेस्ट बटण कार्यक्रमाआधी एकदा दाबून पाहावे.

साउंडच्या भिंती उभारायला वर्गणी जमते आणि आरसीसीबीचा विषय निघाला की 'एवढं कशाला' असे म्हटले जाते, हे मला पटत नाही. स्टेजवर बसणारी बहुतेक मुले रोजाने वाजवतात. त्यांना ना करारपत्र असते, ना विमा. मंडपातली वीज नीट असणे ही बोलावणाऱ्यांची जबाबदारी आहे.

वादकानेही पिशवीत साधा मल्टिमीटर ठेवावा आणि वाद्य लावण्याआधी होल्डर मोजावा. २३० व्होल्टच्या आसपास आकडा हवा. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल सैल झाला तर त्याच होल्डरवर ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो, आणि ॲडॉप्टर तेवढे सोसत नाही. जनरेटर चालू केल्या-केल्या वाद्य लावू नये. दाब स्थिर होऊ द्यावा. सगळे जोडून झाल्यावर माइकची जाळी आणि कीबोर्डच्या जॅकची धातूची कडा यांच्यामधला एसी दाब मोजावा. तो एखाद-दोन व्होल्टच्या वर दिसला तर वायरमनला बोलवावे, तोवर गाणे सुरू करू नये. ॲडॉप्टर दुसऱ्याचा घ्यायची वेळ आली तर व्होल्ट, अँपिअर आणि अधिक-उणे टोकांची खूण, तिन्ही जुळायला हवे.

आता त्या 'घूं'चे. मिक्सर समोर शंभर फुटांवर एका होल्डरवर असतो आणि कीबोर्ड स्टेजवर दुसऱ्याच. दोन्हींचे अर्थिंग वेगळ्या वाटेने जाते, आणि सिग्नलच्या तारेची जाळी त्या दोघांना जोडून एक फेरा पूर्ण करते. या फेऱ्यात फिरणारा ५० हर्ट्झचा करंट आपल्याला ऐकू येतो. पहिला उपाय म्हणजे स्टेजवरच्या वाद्यांची वीज साउंडवाल्याच्याच बोर्डावरून, त्याच फेजवरून घेणे. लाइटिंगची लाइन वेगळी ठेवावी.

दुसरा उपाय डीआय बॉक्स. ही हातात मावेल एवढी लोखंडी डबी असते. कीबोर्डची पिन, म्हणजे बाजारात जिला पी-३८ म्हणतात ती, एका बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने माइकसारखी एक्सएलआर तार मिक्सरकडे निघते. पॅसिव्ह डबीत ट्रान्सफॉर्मर असतो. सिग्नल चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, थेट तारेने नाही. डबीवरचा ग्राउंड लिफ्टचा खटका दाबला की सिग्नलच्या जाळीतला फेरा तुटतो, पण वाद्याच्या प्लगचे अर्थिंग जागेवर राहते. पिन कापून जे मिळवायचे ते इथे सुरक्षितपणे मिळते. कीबोर्डचा सिग्नल मुळातच दणकट असल्याने त्याला पॅसिव्ह डबी चांगली चालते. ॲक्टिव्ह डबीला सेल किंवा मिक्सरची ४८ व्होल्टची फँटम वीज लागते. डबी नसेल आणि एक्सएलआर-ते-पी-३८ अशी जोडतार थेट माइकच्या सॉकेटमध्ये लावणार असाल, तर ती फँटम आधी बंद करून घ्या. ती उलट येऊन कीबोर्डचे आउटपुट बिघडवू शकते.

साध्या पी-३८ तारेची लांबी पाच-सहा मीटरच्या आत ठेवावी. म्हणजे डबी वादकाच्या पायाशी ठेवायची. पुढची एक्सएलआर तार पन्नास मीटर गेली तरी अडचण नाही. पॉवर अँप्लिफायरच्या स्पीकर आउटपुटमधली तार डबीत किंवा कीबोर्डमध्ये कधीही लावू नये.

बहुतेक मंडपांतला साउंड मोनो असतो, म्हणून एकच तार 'एल/मोनो' लिहिलेल्या सॉकेटमध्ये लावावी. स्वस्त कीबोर्डला फक्त हेडफोनचे सॉकेट असते. तिथून स्टिरिओ पिनची तार काढून मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड इनपुटमध्ये घातली की डावा आणि उजवा आवाज एकमेकांतून वजा होतात, नि पियानो कुठेतरी विहिरीत वाजतोय असे वाटते. यासाठी एका स्टिरिओ पिनेतून दोन मोनो पिना निघणारी तार मिळते. त्या दोन वेगवेगळ्या चॅनेलना द्याव्या.

कीबोर्डचा व्हॉल्यूम पाऊणच्या आसपास ठेवून उरलेले काम मिक्सरच्या गेनवर सोपवावे. वाद्य हळू आणि गेन पूर्ण, असे केले की सूंसूं वाढते. साउंड तपासताना सगळ्यात जोरकस टोन दोन्ही हातांनी वाजवून दाखवावा आणि लाल दिवा लागला तर गेन खाली घ्यायला सांगावे. रात्री दहाला माइक बंद करायचा म्हणून ही पाच मिनिटे कापली जातात. निवेदकाची दोन भाषणे कमी करून ती मिळवता येतात.

चालू करताना आधी कीबोर्ड, मग मिक्सर, शेवटी अँप्लिफायर. बंद करताना बरोबर उलटे. कार्यक्रमात पिन काढायची झाली तर ऑपरेटरला चॅनेल म्यूट करायची खूण करावी.

आणि कोणाला शॉक लागलाच तर आधी मेन स्विच पाडावा; तो कुठे आहे हे साउंडवाला, वादक आणि समितीचा एक तरी माणूस यांना आधीपासून माहीत असावे. वीज तुटेपर्यंत त्या माणसाला हात लावू नये. नंतर श्वास चालत नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करावी आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.