घर मालकाचे, उंबरठा भाडेकरूचा

१/ घरमालकाजवळ दुसरी किल्ली असते. ती हवी तेव्हा फिरवण्याचा अधिकार त्याला असतो का? 🧵

२/ १९०६ मध्ये खानदेशाचे विभाजन होऊन जळगाव पूर्व खानदेशाचे व धुळे पश्चिम खानदेशाचे मुख्य ठाणे झाले. कापूस, गिरण्या आणि कचेऱ्या यांच्या ओढीने आलेल्यांना भाड्याच्या खोलीचाच आसरा होता.

३/ कायद्याचा पाया त्याआधीच घातला गेला होता. १८६० च्या दंडसंहितेत अतिक्रमणाची कसोटी मालकी नव्हे, ताबा ही होती. भाडेकरूला धमकावण्याच्या वा त्रास देण्याच्या हेतूने घरात शिरणारा मालकही त्यामुळे गुन्हेगार ठरू शकत होता.

४/ १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने अटी पाळणाऱ्या भाडेकरूस निर्वेध वहिवाट दिली आणि मालकास वाजवी वेळी पाहणीची मुभा. पूर्वसूचनेची अट मात्र तेथे नव्हती.

५/ १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याचा भर भाडे आणि बेदखली यांवर राहिला.

६/ ती उणीव महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने भरून काढली. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या या कायद्याचे कलम २८ सांगते : पाहणी वाजवी वेळी आणि पूर्वसूचना देऊनच. हे संरक्षण ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहणाऱ्यासही आहे. सूचना किती तास आधी द्यावी, हे मात्र कलमात नाही. ते करारात लिहून घेतलेले बरे.

७/ २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत अधिकार मानले. महाराष्ट्रातील भाडेकरूचा उंबरठा कायद्याने त्याच्या सतरा वर्षे आधीच ओळखला होता.