डब्यातला पैसा

पिंपळनेरच्या माणसाला वर्गणीचा इतिहास शिकवावा लागत नाही. तो पांझरेच्या पाटातून वाहत आला आहे. फड पद्धतीत पाटकरी आणि जागल्या यांना पूर्वी शेतकरी धान्य मोजून देत. ज्याची जमीन अधिक त्याचा वाटा अधिक, आणि कोणी किती दिले हे साऱ्या गावाला ठाऊक. देणाऱ्याचे नाव कळताच कामा नये, अशी वर्गणी मी प्रथम पाहिली ती दारू सोडू पाहणाऱ्यांच्या एका सभेत.

मी जन्मभर सोसायटीचे हिशेब लिहिले. म्हणून त्या मंडळींनी एका खुल्या सभेला मला वहीपुरते बोलावले. सभा संपत आली तसा पत्र्याचा डबा फिरू लागला. मीही दहाची नोट पुढे केली. शेजारच्याने ती हळूच माझ्या खिशात परत सारली. "आप्पा, तुमना पैसा आमले नको." मला अंमळ अपमान वाटला.

त्या नकाराचे मूळ दूर अमेरिकेत आहे. १९३५ साली ॲक्रन गावी एक शेअरदलाल आणि एक शस्त्रवैद्य यांच्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' उभी राहिली. १९३८ मध्ये मंडळींनी धनाढ्य रॉकफेलर यांच्याकडून मोठ्या देणगीची आशा धरली. त्यांनी अवघे पाच हजार डॉलर दिले. पैशाने हे काम बिघडेल, अशी त्यांना भीती वाटली. हिरमुसलेल्या मंडळींना पुढे तेच पटले. १९५० साली क्लीव्हलंडच्या अधिवेशनात मान्य झालेल्या बारा परंपरांपैकी सातवी सांगते, की प्रत्येक गटाने स्वतःच्या पायांवर उभे राहावे, बाहेरची मदत घेऊ नये. १९५७ साली ही चळवळ भारतात रुजली. ज्याने वर्षानुवर्षे उसनवारीवर काढली, त्याला सभेचा चहा आपल्या पैशाने होतो यात केवढा मान!

मग काळ पालटला. २०१६ मध्ये यूपीआय आले, त्याच वर्षी नोटाबंदी झाली. २०२० च्या टाळेबंदीत सभा फोनवर भरल्या आणि डबा फिरवायला जागाच उरली नाही. पुन्हा खोलीत जमल्यावर पाहावे, तर तरुणांच्या खिशात नाणे नाही. "क्यूआर कोड लावा, झाले," मी म्हणालो.

त्यावर एक गृहस्थ उठले. "आप्पा, डब्याला तोंड नसते. बँकेच्या कागदावर मात्र माझे नाव उमटेल." त्यांच्या मुलीचे लग्न जमत आले होते. मला फडातला उघडा वाटा आठवला आणि माझी चूक उमगली.

तेव्हा आम्ही सावकाश पावले टाकली. खाते कोणा एकाच्या नावावर ठेवले नाही. तो उद्या घसरला तर पैशाबरोबर माणूसही जायचा, शरमेने पुन्हा पाऊल न ठेवायचा. गटाचा ठराव, पॅन, पैसे काढायला दोन सह्या. गटाचे नाव साधेच होते, तेच खात्याला दिले. त्यात दारूचा उल्लेख नाही. कोड भिंतीवर लावला, हातोहात फिरवला नाही. ज्याला हवे त्याने हवे तेव्हा पाठवावे. बँकेचा उतारा दोन सह्यावाल्यांनीच पाहायचा, आणि वहीत लिहायची ती फक्त महिन्याची एकूण रक्कम. नाव कोणाचेच नाही. डबा मात्र काढून टाकला नाही.

ते गृहस्थ अजून डब्यातच टाकतात. तो माझ्यापाशी आला, की मी तो तसाच पुढे देतो.