बहुमॉनिटर मांडणी : दोष व दोषनिवारण

एकाच संगणकास दोन अथवा अधिक मॉनिटर जोडून त्या सर्वांचे मिळून एक विस्तृत कार्यपृष्ठ करण्याची, किंवा एकच चित्र त्या सर्वांवर सारखे उमटविण्याची व्यवस्था. ॲपलच्या मॅकिंटॉश टू या यंत्रात ही सोय १९८७ पासून होती. मायक्रोसॉफ्टने ती विंडोज ९८ मध्ये दिली. मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ मध्ये भागांचे व्यवहार संगणकाच्या पडद्यावर आणले, आणि पुढे दलालांच्या मेजांवर पडद्याशेजारी पडदा मांडण्याची रीत रुळली. आज हिशेबनीस, आरेखक, शिक्षक, एवढेच नव्हे तर घरी बसून नोकरी करणारा कोणीही दुसरा मॉनिटर विकत आणतो, आणि त्यावर ‘नो सिग्नल’ हे दोन शब्द तरंगताना पाहून नवा माल खराब निघाला असे समजून दुकानाची वाट धरतो. पुष्कळ वेळा तो माल निर्दोष असतो.

अनेक दर्शकांवर एकाच वेळी नजर ठेवण्याचा प्रश्न नाशिक जिल्ह्यातील ओझर या गावाला संगणकाच्या आधीपासून परिचित आहे. निफाड तालुक्यात, मुंबई-आग्रा महामार्गावर, बाणगंगेकाठी असलेल्या या गावी १९६४ मध्ये मिग विमानांचा कारखाना स्थापन झाला. विमानाचा सांगाडा व जुळणी ओझरला, इंजिन ओरिसातील कोरापुटला, विद्युदुपकरणे हैदराबादेस, अशी हिंदुस्थान एरोनॉटिक्सची वाटणी होती. म्हणजे तीन ठिकाणी घडलेला माल एकमेकांशी जुळतो की नाही हे शेवटी जुळणीच्या जागीच कळावयाचे. मिग-२१ च्या वैमानिकापुढे काट्यांच्या वाटोळ्या तबकड्या असत, आणि बहुतेक प्रत्येक तबकडी एकाच मापाशी बांधलेली असे. २००० च्या डिसेंबरात १४० सुखोई-३० एमकेआय विमाने भारतात बांधण्याचा करार झाला, आणि ओझरला जुळणाऱ्या त्या विमानात तबकड्यांची जागा बव्हंशी द्रवस्फटिकी बहुकार्यी पडद्यांनी घेतली. एकाच चौकटीत कधी नकाशा, कधी रडार, कधी इंजिनाची स्थिती. तबकडी मुकी झाली तर दोष त्या तबकडीत वा तिच्या नळीत-तारेत शोधावा, इतके ते सरळ होते. पडदा मुका झाला तर मात्र पाठविणारा, वाहणारा आणि स्वीकारणारा या तिघांचेही जाबजबाब घ्यावे लागतात, आणि घरच्या मेजावरील मॉनिटरची गोष्टही याहून निराळी नाही.

मॉनिटर जोडताच त्याच्यावर चित्र धाडले जात नाही. आधी रुजुवात होते. प्रत्येक मॉनिटरच्या पोटात त्याचा एक दाखला कोरलेला असतो. निर्माता कोण, रुंदी-उंची किती, कोणते बिंदुमान (रिझोल्यूशन) व सेकंदास किती चित्रांची वारंवारिता झेपते, हा सारा तपशील १२८ बाइटांच्या त्या लेखात असतो, आणि शेवटचा बाइट असा योजिलेला असतो की सर्व बाइटांच्या बेरजेस २५६ ने निःशेष भाग जावा. बेरीज जुळली नाही तर दाखला नाशाबीत. या दाखल्याची पद्धत १९९४ मध्ये ठरली व ईडीआयडी या नावाने ओळखली जाते. संगणक तो दाखला केबलीतील दोन बारीक तारांवरून वाचतो. एखादी पिन वाकलेली असेल, केबल हलक्या प्रतीची असेल, किंवा मध्ये एखादा स्वस्त स्विच बसविलेला असेल, तर चित्राच्या तारा शाबूत असूनही दाखला पोहोचत नाही; मग संगणक एक तर मॉनिटर अस्तित्वातच नाही असे मानतो, नाही तर भीत भीत १०२४ × ७६८ सारखे जुने बिंदुमान पाठवितो व अक्षरे फुगलेली, धूसर दिसतात. सबब पहिला उपाय घरगुतीच आहे : मॉनिटरची वीज मिनिटभर पूर्ण तोडावी, केबल दोन्ही टोकांनी काढून नीट बसवावी, आणि मॉनिटरच्या स्वतःच्या यादीत योग्य प्रवेशमार्ग निवडला आहे ना ते पाहावे. त्यानंतर चालू असलेल्या मॉनिटरची केबल बंद असलेल्यास लावून पाहावी. दोष केबलीबरोबर सरकला तर केबल गुन्हेगार, जागेवरच राहिला तर मॉनिटर, आणि संगणकाच्या छिद्राबरोबर गेला तर ते छिद्र. मात्र एका वेळी एकच वस्तू बदलावी, नाही तर यश येऊनही कारण हाती लागत नाही.

मेजावरील उभ्या संगणकात आणखी एक फसगत नेहमीची आहे. त्याच्या पाठीवर मदरबोर्डची छिद्रे वरच्या बाजूस व स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची खाली, आडव्या पट्टीत असतात. कार्ड बसविले की मदरबोर्डचे चित्र बहुधा आपोआप बंद होते, म्हणून एक मॉनिटर खाली व एक वर जोडणाऱ्यास एकच पडदा उजळलेला दिसतो. दोन्ही केबली कार्डात लावाव्यात. कार्डावर जागा नसेल तर बायोसमध्ये अंतर्गत ग्राफिक्स चालू ठेवण्याची तरतूद असल्यास ती वापरावी. ग्राफिक्स चिपेची स्वतःचीही मर्यादा असते : ॲपलच्या एम-१ चिपेचा लॅपटॉप एकच बाहेरील मॉनिटर स्वीकारतो, आणि तेथे केबली कितीही बदलल्या तरी व्यर्थ.

दाखला मान्य होऊनही चित्र लुकलुकत असेल, अथवा साठऐवजी तीसच वारंवारिता मिळत असेल, तर वाहतुकीचा हिशेब करावा. ३८४० × २१६० च्या पडद्यावर ८२,९४,४०० बिंदू असतात. प्रत्येकास २४ बिट व सेकंदास ६० चित्रे धरली की सेकंदाला सुमारे १,१९४ कोटी बिट होतात. एचडीएमआय १.४ या २००९ च्या पद्धतीचा एकूण वेगच १,०२० कोटी, त्यातला पाचवा हिस्सा संकेतनात जातो. म्हणून ती ३० वरच थांबते, आणि ६० साठी २०१३ ची २.० आवृत्ती दोन्ही टोकांस लागते. डिस्प्लेपोर्ट १.२ पासून एका मॉनिटरातून दुसऱ्यात साखळी नेता येते, पण त्या साखळीत वाहतुकीची मर्यादा सर्वांची मिळून एकच असते. शिवाय मॅकवर ही साखळी एकच चित्र दोनदा दाखविते.

परिवर्तकांच्या (ॲडॉप्टरांच्या) बाबतीत दुकानदार जे सांगत नाही ते असे की पुष्कळ परिवर्तक एकदिशामार्गी असतात : डिस्प्लेपोर्टातून एचडीएमआयकडे जाणारा तुकडा उलटा लावून एचडीएमआयचे चित्र डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरात शिरत नाही. टाइप-सी छिद्राचा आकार सर्वत्र सारखा, पण प्रत्येक छिद्र चित्र वाहतेच असे नाही; काही केवळ प्रभारण करतात. यूएसबी डॉकवरील काही मॉनिटर डिस्प्लेलिंकच्या ड्रायव्हरविना उजळतच नाहीत, आणि ड्रायव्हर बसवूनही संगणकाची कार्यप्रणाली नवीन आवृत्तीकडे गेली की रुसतात.

जुन्या १५ पिनांच्या व्हीजीए जोडणीत चित्र सलग विद्युद्दाबाच्या रूपाने वाहते, त्यामुळे पडद्यावर मंद पट्टे हळूहळू सरकताना दिसले तर बिंदुमानाशी खटपट न करता दोन मॉनिटर दोन निराळ्या प्लगांवर, निराळ्या भूसंपर्कावर तर नाहीत ना, हे आधी पाहावे. दोन्ही व संगणक एकाच पट्टीवर आणले की पट्टे पुष्कळदा विरतात. ग्रामीण भागात भूसंपर्काची तार कोठे तरी दिखाव्यापुरतीच असते, ही तक्रार जुनीच आहे.

एवढे होऊनही पडदा काळाच असेल तर विंडोजमध्ये विंडोज कळ व पी एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडलेले आहे की नाही ते तपासावे, आणि चित्र गोठले असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या चार कळा एकदम दाबून ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू करावा. दोन मॉनिटरांची अक्षरवृद्धी वेगळी असेल, एकावर शंभर टक्के व दुसऱ्यावर दीडशे, तर खिडकी सीमारेषा ओलांडताना लहानमोठी होते; हा दोष नव्हे. उजवीकडचा मॉनिटर पडद्यांच्या नकाशात डावीकडे मांडला गेला असेल तर माऊस भिंतीवर आपटल्यासारखा थबकतो. नकाशातील चौकटी ओढून प्रत्यक्षाप्रमाणे लावाव्यात. डिस्प्लेपोर्टवरचा मॉनिटर बंद करताच संगणक पुष्कळदा त्यास उपटून काढला असे समजतो व त्यावरच्या खिडक्या पहिल्या पडद्यावर येऊन गोळा होतात. उलटपक्षी, दूर केलेल्या मॉनिटरच्या जागी एखादी खिडकी अडकून राहिली तर ती टास्कबारवर निवडून विंडोज, शिफ्ट व डावा बाण दाबावा, ती परत येते.