तळ्याकाठची म्हातारी आणि आमच्याकडील भानामती

एलिझाबेथ जॉर्ज स्पीअर यांची ‘द विच ऑफ ब्लॅकबर्ड पाँड’ (१९५८) ही ऐतिहासिक कादंबरी किशोरवयीनांसाठी लिहिलेली आहे. १६८७ साली बार्बाडोस बेटावरून अमेरिकेतील कनेटिकट वसाहतीत, वेदर्सफील्ड गावी, मावशीच्या आश्रयाला आलेली किट टायलर ही तिची नायिका. किटला पोहता येते आणि बुडत नाही ती बाई चेटकीण, अशी त्या गावाची समजूत. पुढे गावात तापाची साथ येते, तेव्हा जमाव तळ्याकाठी एकट्या राहणाऱ्या हॅना या क्वेकर म्हातारीवर चालून जातो आणि तिला पळून जाण्यास मदत करणारी किट कोठडीत जाते. कादंबरीतील प्रणयकथा यथातथाच आहे. शेवटी कोणाची कोणाशी जोडी जमणार, याचा अंदाज फार लवकर येतो. तिची खरी ताकद या भयाच्या चित्रणात आहे.

हे भय काल्पनिक नव्हते. याच वेदर्सफील्डमधील कॅथरीन हॅरिसन ही इंग्लंडहून आलेली, एके काळी मोलकरीण म्हणून राबलेली स्त्री. पतीच्या निधनानंतर तिच्याकडे मोठी मालमत्ता आली आणि पाठोपाठ चेटुकाचा आरोपही. १६६९ साली ज्यूरीने तिला दोषी ठरवले.

नांदेड-लातूरकडील वाचकाला यात अपरिचित असे काय आहे? घरावर दगड पडणे, कपडे पेटणे, अंगावर फुल्या उमटणे या साऱ्याला आमच्याकडे ‘भानामती’ म्हणतात. हा शब्द शेजारच्या बिदर आणि तेलंगणातही चालतो. एके काळी हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात, हे येथे कोणाला ठाऊक नसते? तरीही फुली दिसली की बिब्बा आठवत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्यांचा अनुभव असा की, हे प्रकार करणारी व्यक्ती बहुधा घरातीलच, मनाने कोंडलेली असते. अनेकदा ती परगावाहून आलेली सून असते. संशय मात्र भावकीतील किंवा शेजारच्या एखाद्या एकट्या बाईवर जातो. म्हणजे आमच्याकडे किट ‘झपाटलेली’ ठरते आणि हॅना ‘करणी करणारी’. दोघींना समोरासमोर उभे करणारी अशी मराठी कादंबरी आमच्या तरी वाचनात नाही.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ साली झाला. करणी करते, जनावराचे दूध आटवते, असा एखाद्या व्यक्तीविषयी संशय निर्माण करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. दुभत्या जनावराचा हा उल्लेख वाचताना वेदर्सफील्डचे गोठे डोळ्यांपुढे येतात.

किट निर्दोष सुटते, परंतु हॅनाची झोपडी जळालेली असते. ती त्या गावात परतत नाही. कॅथरीन हॅरिसनलाही १६७० साली सोडले, ते गाव सोडण्याच्या अटीवरच. ती न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टरला गेली. तेथील रहिवाशांनीही तिला घालवून देण्यासाठी त्याच वर्षी अर्ज केला.